सागवान घेताना: गाभा, ओल आणि कागद

घराचं काम चौकटींपर्यंत आलं की बहुतेकांची गाडी वखारीच्या दारात अडते. एकाच पत्र्याखाली 'बर्मा', 'सीपी', 'बल्लारशा', 'घाना', 'एकवाडोर', 'आफ्रिकन' अशा थप्प्या लागलेल्या असतात. भावांत दुपटीचा फरक, आणि वखारवाल्याचं म्हणणं एकच: "साहेब, सगळं सागवानच आहे." बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. पण देशाच्या नावावरून फक्त भाव कळतो. लाकूड किती वर्षं टिकेल ते झाडाच्या वयावर, गाभ्याच्या प्रमाणावर आणि त्यातल्या ओलीवर ठरतं. आणि ते घ्यावं की नाही, हे त्याच्या सोबत आलेल्या कागदांवरून ठरवायचं. हा लेख याच क्रमाने जाईल: आधी लाकूड समजून घेऊ, मग खरेदी, मग कागदपत्रं.

सागात एवढं आहे काय

कार्ल्याच्या चैत्यगृहात वर मान करून पाहिलं की दगडी छताला बसवलेल्या लाकडी कमानी दिसतात. सागाच्या त्या फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. दुसरं उदाहरण मुंबईचंच आहे. वाडिया कुटुंबातले जहाजबांधणीकार जमशेटजी बमनजी यांनी मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभं आहे.

या टिकाऊपणाची कारणं लाकडाच्या आत आहेत. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्यं आणि थोडं रबरासारखं द्रव्य असतं, त्यामुळे पाणी चटकन आत शिरत नाही. टेक्टोक्विनोन नावाचं एक रसायन वाळवीला नकोसं वाटतं. शिवाय लाकूड वाळताना फार आकसत नाही. हिरवं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या आडव्या दिशेने, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, ते जेमतेम अडीच टक्के कमी होतं आणि वर्तुळांच्या कडेने साडेपाच-सहा टक्के. इतक्या कमी आकसामुळेच सागाची दारं सहसा पिळत नाहीत. वजनही मध्यम, घनमीटरला साधारण 600 ते 700 किलो. सुताराला खिळा मारता येतो, रंधा चालतो, आणि तरी भार सोसण्याइतकं ते मजबूत असतं.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने भारतातल्या लाकडांची तुलना करताना सागाला 100 गुण धरून बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात गुण दिले. एखादं लाकूड सागापेक्षा कठीण निघतं, एखादं जास्त लवचीक निघतं. पण वजन, ताकद, आकार टिकवणं आणि टिकाऊपणा या सगळ्यांचा मेळ एकत्र बसलेली लाकडं थोडी आहेत.

एक खोडही आहे. सागात वाळूसारखी सिलिका असते. पटाशी आणि करवतीचं पातं लवकर बोथटतं, म्हणून सुतार सागाच्या कामाला कार्बाइडचं पातं लावतो आणि मजुरीही थोडी चढी सांगतो. त्यावर घासाघीस करू नका, त्याचं म्हणणं बरोबर असतं.

हे सगळं गुणगान फक्त गाभ्याचं

वखारीत सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट हीच. सागाच्या खोडात बाहेरच्या बाजूला पांढुरका-पिवळसर थर असतो. वखारीत त्याला 'सॅप' म्हणतात. आत सोनेरी-तपकिरी गाभा असतो. वाळवीला न जुमानणारी रसायनं गाभ्यात असतात, सॅपमध्ये जवळजवळ नसतात. सॅपमध्ये पिष्ट भरपूर असतं, त्यामुळे भुंगा लागतो आणि दोन-तीन वर्षांत चौकटीखाली मैद्यासारखा बारीक भुसा पडू लागतो. "सागाला कीड लागली" अशी तक्रार बहुतेक वेळा या पांढऱ्या भागाची असते.

आता हिशेब करून पाहा. परदेशातून कंटेनरमधून येणारे लागवडीच्या सागाचे ओंडके बरेचदा 60 ते 90 सेंटीमीटर घेराचे असतात. 60 सेंटीमीटर घेर म्हणजे व्यास सुमारे 19 सेंटीमीटर. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटीमीटर सॅप धरला, तर गाभ्याचा व्यास उरतो 14. क्षेत्रफळ काढलं तर ओंडक्यात गाभा जेमतेम 54 टक्के. तोच सॅप 150 सेंटीमीटर घेराच्या ओंडक्यात असेल तर गाभा 80 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून झाडाचं वय आणि घेर हे देशाच्या नावापेक्षा महत्त्वाचे. घानाचा जाड, जुना ओंडका चंद्रपूरच्या विरळणीतल्या (दाट लागवडीतून मधली झाडं काढतात त्यातल्या) बारीक ओंडक्यापेक्षा सरस असू शकतो.

आणखी एक समज खोडून काढायला हवा: रेघा जवळजवळ असल्या की लाकूड मजबूत. ताकदीच्या बाबतीत हे सागाला सरसकट लागू नाही. वेगाने वाढलेला सागही वजन पेलतो. फरक पडतो तो गाभ्याच्या प्रमाणात, त्याच्या रंगात आणि कोवळ्या गाभ्याच्या टिकाऊपणात. वीस वर्षांच्या झाडाचा गाभा साठ वर्षांच्या झाडाच्या गाभ्याइतका मुरलेला नसतो.

पहिलं काम: साग कुठे हवा ते ठरवा

वखारीत जाण्याआधी घरी बसून यादी करा. बाहेरच्या दाराची चौकट, पावसाच्या झडीत येणाऱ्या खिडक्या, उंबरठा, ओलसर भिंतीला टेकणारं काम, इथे सागाचे पैसे वसूल होतात. कपाटाच्या आतली फळी, पलंगाच्या खालच्या पट्ट्या, पोटमाळ्याचा सांगाडा यांना सागाची गरज नसते.

आपल्याकडे पर्याय भरपूर आहेत. कोकणात फणसाच्या लाकडाची दारं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. रंग आधी पिवळाधमक असतो, मग तांबूस तपकिरी होतो. किंजळ आणि ऐन जड आणि मजबूत, पण नीट वाळवले नाहीत तर तडकतात. शिवण हलकं, आकार न सोडणारं लाकूड आहे, आतल्या कामाला फार चांगलं. वखारीत ते कधी 'व्हाइट टीक' या नावाने सागाच्या जवळपासच्या भावात विकलं जातं, तिथे सावध राहा. माझं मत विचाराल तर संपूर्ण घर सागाचं करण्याचा हट्ट हा दिखाव्याचा भाग झाला आहे. तो खर्चही वाढवतो आणि कोवळी झाडं तोडायला बाजारही तयार करतो.

जुना साग हा आणखी एक पर्याय, आणि तो मला सगळ्यात आवडतो. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या भागांत वाडे पाडले जातात तेव्हा तुळया, खांब, सरे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, गाभा भरपूर असतो, आणि नवीन झाड पडत नाही. पण चिरायला देण्याआधी खिळे, कडी-कोयंड्यांचे तुकडे चुंबकाने शोधून काढावे लागतात, नाहीतर सॉ मिलवाला हातच लावणार नाही. टोकं भिंतीत गाडलेली असतात, तिथे कुज असते. प्रत्येक टोकाला फूटभर वाया धरून भाव करा. वाडा कुणाचा, पाडण्याची परवानगी होती का, हे विचारून पावती घ्या. तिची गरज पुढे पडते.

दुसरं: 'कुठला साग' या उत्तरावर काय विचारायचं

सीपी म्हणजे सेंट्रल प्रोव्हिन्सेस. जुन्या मध्य प्रांतातला, म्हणजे विदर्भ आणि मध्य प्रदेशातला साग. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला रंग आणि रेघा दोन्ही देखण्या. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरहूनच, म्हणजे बल्लारशाहूनच, लाकूड गेलं. हा साग वनविभागाच्या आणि महाराष्ट्र वन विकास महामंडळाच्या डेपोंमधून लिलावाने विकला जातो. 1974 पासून काम करणारं हे महामंडळ लागवडी करून त्यांतून टप्प्याटप्प्याने विरळणी आणि शेवटची तोड करतं. त्यामुळे 'बल्लारशा' म्हणून विकलं जाणारं लाकूड शेवटच्या तोडीतलं आहे की विरळणीतलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. दोन्ही कायदेशीर, पण गाभ्यात फरक मोठा.

लागवडीचा साग म्हणजे दुय्यम, असंही समजू नका. सागाची लागवड आपल्याच देशात फार जुनी आहे. मुंबईच्या गोदीला आणि इतर जहाजबांधणीला लाकूड पुरवता पुरवता मलबारची रानं विरळ होऊ लागली, तेव्हा 1840 च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनॉली आणि त्यांचे अधिकारी चातू मेनन यांनी केरळात निलांबूरला साग लावायला घेतला. त्या लागवडीतली काही झाडं आजही उभी आहेत.

'बर्मा' या शब्दाबद्दल मात्र जरा थांबा. तिथे पूर्वी झाडाच्या बुंध्याभोवती खाच पाडून ते उभं ठेवत, दोन-तीन वर्षांत ते जागेवरच वाळे आणि मग नदीतून वाहून आणता येई. त्या जुन्या जंगली सागाची कीर्ती खरी आहे. पण म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता घेतली. तिथे लाकडाचा व्यापार म्यान्मा टिंबर एंटरप्राइज या सरकारी कंपनीकडे आहे, आणि तिच्यावर अमेरिकेने एप्रिल 2021 मध्ये व युरोपीय संघाने जून 2021 मध्ये निर्बंध घातले. भारताने असे निर्बंध घातलेले नाहीत. तरीही आपला पैसा कुठे जातो याचा विचार करणाऱ्याने 'बर्मा'ची थप्पी सोडून द्यावी, असं मला वाटतं. शिवाय 2014 नंतर वखारीत कुणी 'बर्माचा गोल ओंडका' दाखवत असेल, तर तो एकतर फार जुन्या साठ्यातला, नाहीतर बर्माचा नाही.

'आफ्रिकन सागवान' या नावाखाली दोन वेगळी लाकडं येतात. एक खरा साग, घाना, बेनिन, नायजेरिया, टांझानिया इथल्या लागवडीतला. दुसरं इरोको नावाचं पूर्ण वेगळं झाड. इरोको वाईट लाकूड नाही, पण ते आफ्रिकेच्या नैसर्गिक जंगलातून येतं आणि सागाच्या भावाने घेण्याचं कारण नाही. अफ्रोर्मोसिया हे आणखी एक लाकूड सागासारखं दिसतं. ते साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याला वेगळा परवाना लागतो. साग स्वतः साइट्सच्या यादीत नाही, तेव्हा "सागाचं साइट्स सर्टिफिकेट आहे" असं कुणी सांगितलं तर तो दुसरंच काही दाखवतोय हे ओळखा.

लॅटिन अमेरिकेतून एकवाडोर, कोस्टारिका, पनामा, ब्राझील इथला लागवडीचा साग कांडला-मुंद्रासारख्या बंदरांत उतरतो, गांधीधामच्या मिलांमध्ये चिरला जातो आणि तिथून महाराष्ट्रात येतो. यातला बराच माल पंधरा ते पंचवीस वर्षांच्या झाडांचा. वाईट नाही. फक्त गाभा मोजून घ्या.

तिसरं: वखारीत हात लावून पाहणं

दिवसा जा. पिवळ्या बल्बखाली सगळंच लाकूड सोनेरी दिसतं.

आधी फळीचं टोक पाहा. टोकावर रंग किंवा चुना फासलेला असेल तर एक पातळ काप काढून मागा. चांगला वखारवाला कुरकुर करत का होईना, देतो. ताज्या कापावर सागाची वर्तुळं स्पष्ट दिसतात, आणि प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग असते. साध्या दहापट भिंगातून ती रांग नीट दिसते. इरोकोत छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात, अशी रांग नसते. इरोको वेगळं काढायला ही एक खूण पुरेशी आहे.

मग रंधा मारायला सांगा. ताज्या सागाला चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येतो, आणि हात फिरवला की मेणचटपणा जाणवतो. रंगावर मात्र लगेच निकाल देऊ नका. नुकताच चिरलेला साग हिरवट, डागाळलेला दिसतो आणि उजेडात काही दिवस ठेवल्यावर सोनेरी होतो. उलट, पॉलिश किंवा रंग मारून ठेवलेला 'एकसारखा सोनेरी' माल मी तरी घेणार नाही, त्याखाली सॅप लपवता येतो.

पांढऱ्या भागाबद्दल सौदा आधीच स्पष्ट करा. "सॅप चालणार नाही" असं नुसतं म्हणून उपयोग नसतो, वखारवाला हसतो. त्याऐवजी म्हणा: चौकटीच्या तुकड्याला एका कोपऱ्याला अर्ध्या इंचापेक्षा जास्त पांढरं नको, आणि ते भिंतीकडच्या बाजूला यावं. हे बिलावर लिहून घ्या. थोडा सॅप राहणारच असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात माल बुडवून घेता येतो. पण पावसात भिजणाऱ्या ठिकाणी हे बोरॉन धुऊन जातं, तिथे यावर विसंबू नका.

खोडाच्या अगदी मधला नरम भाग तुकड्याच्या आत आला असेल तर तो बाजूला काढा. तिथून चीर जाणारच. घट्ट, लाकडाशी एकजीव झालेली लहान गाठ चालते. काळी, सैल गाठ नको, बिजागरीच्या जागी तर नकोच.

जाता जाता वजनही पाहा. वाळलेला साग घनफुटाला 17 ते 20 किलो भरतो. सात फूट लांब, पाच बाय तीन इंचांचा तुकडा म्हणजे 0.73 घनफूट, वजन साधारण 13-14 किलो. तो अठराच्या घरात गेला तर त्यात पाणी आहे.

चौथं: ओल

"सिझनिंग केलेलं आहे" (म्हणजे वाळवलेलं आहे) या वाक्याची किंमत ओल मोजणारं मॉइश्चर मीटर लावल्यावर कळते. हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण सागाच्या नव्या दारांच्या तक्रारींत मोठा वाटा ओलीचाच असतो.

लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं. कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता 85-90 टक्के राहिली की उघड्यावरचं लाकूड हळूहळू 17-20 टक्के ओलीकडे जातं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ते 5-6 टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. 16 टक्के ओलीची एक फूट रुंद, वर्तुळांच्या कडेने चिरलेली सागाची फळी 8 टक्क्यांवर आली, तर ती साडेचार मिलिमीटर आकसते. फळी-फळीतली ती फट किंवा चौकटीच्या कोपऱ्यात उघडलेला सांधा, हे त्याच साडेचार मिलिमीटरांचं काम. तेवढीच फळी वर्तुळांना काटकोनात चिरलेली असेल तर हालचाल निम्म्याच्या आसपास येते. दाराच्या मधल्या रुंद फळीसाठी अशी, टोकाला वर्तुळं उभी दिसणारी फळी निवडा. बाकीच्या ठिकाणी एवढं करण्याची गरज नाही.

बसवताना विदर्भात 8 ते 10 टक्के, पुणे-नाशिकमध्ये 10 ते 12, कोकण-गोव्यात 12 ते 14 टक्के ओल असावी, असा माझा व्यवहारी ठोकताळा आहे. एसी खोल्यांचं फर्निचर असेल तर कुठेही कोरड्या बाजूकडेच झुका.

मीटर लावताना टोकाला किंवा पृष्ठभागावर लावू नका, तिथे लाकूड आधीच वाळलेलं असतं. टोकापासून फूटभर आत ताजा काप घेऊन त्यावर लावा. मीटर नसेल तर घरीच करता येतं. त्याच जागचा इंचभर तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, ओटीजी ओव्हनमध्ये 100-105 अंशांवर ठेवा, आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर दोन तासांनी तोलत राहा. आधीचं वजन 118 ग्रॅम आणि शेवटचं 104 असेल, तर फरक 14, भागिले कोरडं वजन 104, म्हणजे साडेतेरा टक्के. घरात वास पसरतो, तेव्हा आधी परवानगी घ्या.

ओला माल घेतलात तरी हरकत नाही, वेळ असेल तर. दोन्ही टोकांना ऑइल पेंटचा जाड थर द्या, म्हणजे टोकाकडून घाईने वाळून चिरा जाणार नाहीत. जमिनीपासून फूटभर उंचीवर थप्पी लावा. दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, आणि वरच्या थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर. वर वजन ठेवा. छप्पर हवं, पण चारही बाजूंनी वारा खेळता हवा. ताडपत्री गुंडाळून ठेवली की लाकूड घुसमटतं आणि बुरशी धरतं. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष हा जुना हिशेब अजून कामाला येतो. घाई असेल तर भट्टीत वाळवून घ्या. साग भट्टीत नीट वाळतो, जरा सावकाश.

पाचवं: घनफुटाचा हिशेब

कापलेल्या मालाचं गणित सोपं आहे: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार, भागिले 144. सात फूट उंच दाराची पाच बाय तीनची चौकट घ्या. दोन उभे प्रत्येकी सात फूट, वरचा आडवा साडेतीन, एकूण साडेसतरा फूट. साडेसतरा गुणिले 15, भागिले 144, म्हणजे 1.82 घनफूट. उंबरठा हवा असेल तर साडेतीन फूट आणखी, एकूण 2.19.

मेख अशी की भाव कच्च्या मापाचा की रंधा मारलेल्या मापाचा, हे आधी ठरवावं लागतं. पाच बाय तीनचे पैसे देऊन पावणेपाच बाय पावणेतीन हातात आलं, तर त्याच चौकटीत 1.59 घनफूटच भरतं. तेरा टक्के गेले. बिल कच्च्या मापाचं असणं गैर नाही, पण मग दुसऱ्या वखारीच्या तयार मापाच्या भावाशी तुलना करू नका.

गोल ओंडक्याला वेगळी रीत. मध्यावरचा घेर मोजून त्याचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचा. 48 इंच घेर, 10 फूट लांबी: चौथा भाग 12, म्हणजे बारा गुणिले बारा गुणिले दहा, भागिले 144, बरोबर 10 घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात 12.73 घनफूट लाकूड असतं. या रीतीत चिरण्यातली काही तूट आधीच धरलेली आहे. घेर साल धरून घेतला की साल काढून, हे विचारा.

सहावं: कागद

इथे मराठी माणूस सहसा संकोचतो. वखारवाल्याला कागद मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं वाटतं. कायद्याची भूमिका उलट आहे. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 69 प्रमाणे, वनोपज कुणाचं हा वाद उभा राहिला तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचं मानलं जातं. म्हणजे लाकूड आपलं आहे हे दाखवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे लाकूड आहे त्याची, आणि उद्या ते तुमच्या अंगणात असेल. टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 ला दिलेल्या आदेशापासून जंगलतोड आणि आरागिरण्या या दोन्हींवरचा लगाम बराच आवळला गेला, त्यामुळे परवानाधारक वखार आणि मिल यांच्याकडे नोंदवही असतेच.

तुम्ही मागायचं काय, तर जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर 'सागवान' हे नाव, मापं आणि घनफूट. माल डेपोचा असेल तर लिलावाचा लॉट क्रमांक. वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, ज्या टप्प्यावर लागतो त्या टप्प्याचा. डिसेंबर 2023 पासून देशभरासाठी ऑनलाइन राष्ट्रीय परवाना प्रणाली सुरू झाली आहे, त्यातल्या परवान्यावर क्यूआर कोड असतो, तो मोबाइलने तपासता येतो. डेपोच्या ओंडक्यावर वनविभागाच्या हातोड्याची खूण असते. ओंडका तुमच्यासमोर चिरणार असतील तर त्या खुणेचा फोटो आधीच काढून ठेवा, कारण चिरल्यावर ती नाहीशी होते. आयात मालाला बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयात-कागद) आणि मूळ देशाचा दाखला असतो. किरकोळ गिऱ्हाईकाला प्रत मिळणार नाही कदाचित, पण क्रमांक बिलावर लिहून द्यायला हरकत नसते.

प्रमाणपत्राबद्दल एक साधा नियम: एफएससी (जंगल जपून काढलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) किंवा तत्सम शिक्का भिंतीवरच्या चौकटीत लटकत असून भागत नाही. विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक आणि मालाचा दावा दोन्ही तुमच्या बिलावर छापलेले असले, तरच तो माल प्रमाणित. क्रमांक एफएससीच्या संकेतस्थळावर टाकून तो चालू आहे का ते बघता येतं. केंद्र सरकारनेही डिसेंबर 2023 मध्ये भारतीय वन व लाकूड प्रमाणन योजना सुरू केली, ती ऐच्छिक आहे. प्रमाणपत्र नाही म्हणून माल वाईट ठरत नाही. वन विकास महामंडळाच्या लिलावातला, कागद पूर्ण असलेला ओंडका मी शिक्क्याशिवायही डोळे झाकून घेईन. पण बिनकागदाचा माल, "रात्री उतरवतो, भाव निम्मा" अशा बोलीचा, कितीही देखणा असला तरी नको.

शेतातलं झाड असेल तर

बांधावरचा साग आपला असला तरी कुऱ्हाड थेट लावता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 च्या अनुसूचीत साग आहे. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. सोबत सातबारा, त्यावर झाडांची नोंद, आणि हद्दीचा प्रश्न येऊ नये म्हणून मोजणीचा नकाशा. पाहणी होते, झाडांना खुणा होतात, मग तोड, आणि लाकूड हलवायला पुन्हा परवाना. झाडांची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर सगळं तिथेच अडतं, म्हणून झाड लहान असतानाच तलाठ्याकडे ती करून घ्या. आदिवासी खातेदारांसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे आणि त्यात विक्री वनविभागामार्फत होते. गोव्यात 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा लागू.

परवानगीला महिने जातात, म्हणून घराच्या वेळापत्रकात हे वर्षभर आधी धरा. एवीतेवी वाळायलाही तेवढा वेळ लागणारच आहे.

सुताराच्या हातात गेल्यावर

सागाचं तेल इथे त्रास देतं. सांध्याला गोंद लावण्याआधी पृष्ठभाग थिनरने पुसायचा आणि रंधा मारलेल्या दिवशीच चिकटवायचं. दोन दिवस पडून राहिलं की तेल पुन्हा वर येतं आणि सांधा धरत नाही. पॉलिशचंही तसंच, पहिला हात देण्याआधी थिनरचं फडकं फिरवा, नाहीतर काही ठिकाणी पॉलिश चिकटसर राहतं.

चौकटीची भिंतीत जाणारी बाजू कोरी ठेवू नका, तिथे पेंटचे दोन हात द्या. ओल तिथूनच चढते. बाहेरच्या दाराला अळशीचं तेल लावणार असाल तर दरवर्षी पावसाळ्याआधी लावावं लागेल, आणि न लावल्यास उन्हाने साग चंदेरी-राखाडी होईल. तो खराब होत नाही, फक्त रंग जातो. काहींना तोच आवडतो. तेल लावलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि अशा गोळ्याला आपोआप आग लागू शकते. पाण्यात बुडवून मग टाका.

बिल, परवान्याचा क्रमांक आणि हातोड्याच्या खुणेचा फोटो घराच्या कागदपत्रांच्याच फायलीत ठेवा. चौकटी लागून उरलेले गाभ्याचे तुकडे सुतार मागतो, ते त्याला देण्याआधी एक-दोन बाजूला काढा. पुढे चौकटीला तुकडा जोडायची वेळ आली तर त्याच झाडाचं लाकूड दुसरीकडे मिळत नाही.